हातची किंमत आणि पहिली बोली

पत्र: मी मिशिगनात, डेट्रॉइटजवळ राहते. सासरे १९७२ साली इथे मोटार कंपनीत इंजिनिअर म्हणून आले आणि कामावरच्या मित्रांबरोबर दर नोव्हेंबरात हरणाच्या शिकारीला जाऊ लागले. मागच्या हिवाळ्यात ते गेले. तळघरातल्या कपाटात त्यांच्या तीन बंदुका आहेत. एक विंचेस्टर मॉडेल ७० रायफल (थर्टी-ऑट-सिक्स काडतुसाची), एक इथाका ३७ शॉटगन, बारा बोअरची, आणि एका मित्राने त्यांना भेट दिलेली जुनी दुनळी, सोळा बोअरची. तिच्यावर एल. सी. स्मिथ असं कोरलंय. घरात आता कोणी शिकार करत नाही, म्हणून ऑनलाइन लिलावात विकायचं ठरलं. पण पहिली बोली कितीची ठेवायची यावर रोज वाद होतो. मुलगा (वय १५) म्हणतो, तिन्ही एक डॉलरपासून लावू, लोक आपोआप चढवतील. यजमान म्हणतात, छुपी रिझर्व्ह (बोली लावणाऱ्यांना न दिसणारी किमान किंमत) टाकू, रायफल अडीच हजाराच्या खाली द्यायचीच नाही. सासूबाईंना ‘एक डॉलर’ हे शब्दच सहन होत नाहीत. न्यू जर्सीचे दीर म्हणतात, “मी मधूनमधून बोली लावून भाव चढता ठेवीन.” कोणाचं ऐकू?

उत्तर:

ताई,

चौघांपैकी तिघांचं थोडंथोडं बरोबर आहे. दिरांचं मात्र अजिबात नाही, म्हणून आधी त्यांच्याबद्दल. आपल्याच घरच्या मालावर आपल्याच माणसाने बोली लावून भाव फुगवणं याला इथे शिल बिडिंग म्हणतात आणि ती सरळ फसवणूक आहे. साइट खातं बंद करते, आणि प्रकरण कोर्टातही जाऊ शकतं. बरं, त्यांची बोली शेवटची ठरली तर? रायफल विकली तर जात नाहीच, वर कमिशन अंगावर येतं आणि खरं गिऱ्हाईक निघून गेलेलं असतं. दिरांना प्रेमाने पण स्पष्ट सांगा, की या लिलावात त्यांनी फक्त बघायचं.

आता तुमच्या मूळ प्रश्नाकडे येतो. मी स्वतः बंदूक चालवत नाही. पण क्लीव्हलंडजवळच्या एका दुकानात, जिथे गेलेल्या माणसांच्या घरचं सामान लिलावात निघतं, तिथे मी अकरा वर्षं हिशेब पाहिले. ओहायो आणि मिशिगनातल्या घरांमधून निघणाऱ्या सामानात बंदूक नाही असं क्वचितच होतं. आणि त्याच्याही आधी, निफाड तालुक्यात लहानाचा मोठा होताना, मी वडिलांबरोबर लासलगावच्या बाजार समितीत कांद्याच्या ट्रॅक्टरवर बसून लिलाव पाहिले आहेत. व्यापारी घोळक्याने एकेका ट्रॉलीपाशी येतात, मूठभर कांदा हातात घेऊन बघतात आणि बोली सुरू होते. वडील एकच गोष्ट मोजायचे, आज आपल्या ट्रॉलीभोवती किती जण उभे आहेत. बोली कुठून सुरू झाली याकडे त्यांचं लक्ष नसे. पाच जण असले तर ते निवांत असत. दोघंच असले की त्यांचा चेहरा पडायचा.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर या मोजण्यातच आहे. ऑनलाइन लिलावात गिऱ्हाईक आपली कमाल रक्कम आधीच टाकून ठेवतं आणि यंत्र त्याच्या वतीने गरजेपुरतीच बोली वाढवत नेतं. समजा, तुमची रायफल दोघांना हवी आहे. ओहायोतला एक जण १,३०० डॉलरपर्यंत जाईल, मोंटानातला दुसरा १,१५० पर्यंत. तुम्ही एक डॉलरपासून सुरुवात करा नाहीतर ९०० पासून, लिलाव १,१५० च्या एक पायरी वरच थांबणार. भाव ठरवतो तो दुसऱ्या नंबरचा माणूस. पहिल्या बोलीचा त्यात काही संबंध नाही. पण समजा मोंटानावाल्याला त्या आठवड्यात जाहिरात दिसलीच नाही. मग एक डॉलरला सुरू केलेली रायफल एक डॉलरला जाईल आणि ९०० ला सुरू केलेली ९०० ला. पहिली बोली म्हणजे दुसरं गिऱ्हाईक न आल्यास तुम्हाला वाचवणारं कुंपण. कुंपण फार उंच बांधलं तर आत येणारेही बाहेरूनच परत जातात.

म्हणून तिन्ही बंदुकांना एकच नियम लावता येत नाही. प्रत्येकीभोवती किती जण उभे राहतील, ते वेगवेगळं आहे.

इथाका सर्वांत सोपी. सासऱ्यांकडे ती का होती हे तुम्हाला कदाचित ठाऊक नसेल. त्या काळी मिशिगनच्या दक्षिण भागात हरणाच्या शिकारीला रायफल चालत नसे, दाट वस्तीमुळे, गोळी लांब जाऊ नये म्हणून, शॉटगनच वापरावी लागे. रायफल लागायची ती राज्याच्या उत्तर भागात जाताना. म्हणून त्या पिढीच्या शिकाऱ्याच्या कपाटात दोन्ही असत. इथाका ३७ हे मॉडेल १९३७ पासूनचं आहे आणि वीस लाखांहून जास्त बनली. रिकामं काडतूस ती बाजूने न फेकता खालून टाकते, त्यामुळे डावखुऱ्या शिकाऱ्यांची ती आवडती. जाहिरातीत हे जरूर लिहा. अशा वस्तूचा भाव सगळ्यांना माहीत असतो आणि गिऱ्हाईकही पुष्कळ. इथे मुलाचं ऐका. अगदी एक डॉलर नको वाटला तर पन्नास ठेवा, पण रिझर्व्ह नको.

विंचेस्टरच्या बाबतीत आधी एक गोष्ट तपासायला हवी, नाहीतर यजमानांचे अडीच हजार हा निव्वळ अंदाज राहील. मॉडेल ७० बाजारात आली १९३६ मध्ये. १९६४ मध्ये कंपनीने खर्च वाचवण्यासाठी तिची रचना बदलली. काडतूस पकडून ठेवणारा जुना रुंद आकडा गेला, आणि लाकडी दस्त्यावरची हाताने कोरलेली जाळी जाऊन साच्याने दाबलेली आली. शिकाऱ्यांनी ते मनावर घेतलं, इतकं की साठ वर्षांनंतरही ‘प्री-सिक्स्टीफोर’ हा शब्द जाहिरातीत आला की भाव वेगळा होतो. रायफलीवर कोरलेला नंबर ७,००,००० च्या खाली असेल तर तुमची जुनी आहे. पण तेवढ्याने भागत नाही. मागाहून कोणी दुर्बिणीसाठी जास्तीची भोकं पाडली का? दस्ता कापून रबराची गादी बसवली का? धातूवरचा निळा मुलामा पुन्हा चढवला का? यातलं एक जरी असलं तरी संग्राहक मागे सरतात आणि उरतात फक्त शिकारी. ते चांगलं दाम देतात, पण संग्राहकाचं नाही. शिवाय थर्टी-ऑट-सिक्स हे या मॉडेलमधलं सर्वांत सर्रास मिळणारं काडतूस. जे आकडे पाहून डोळे फिरतात ते बहुधा .२५७ रॉबर्ट्स किंवा .३०० सॅव्हेज अशा दुर्मिळ प्रकारांचे असतात. यजमानांनी पाहिलेला अडीच हजारांचा आकडा विकल्या गेलेल्या रायफलीचा होता की नुसता मागितलेला, हे त्यांना विचारा. मागितलेली किंमत कोणीही कितीही लिहू शकतं. संपलेल्या लिलावांमध्ये जाऊन तुमच्यासारख्याच आठ-दहा रायफली शोधा, आणि किंमत पाहताना किती वेगवेगळ्या लोकांनी बोली लावली तेही मोजा, माझे वडील मोजायचे तसं.

आणि कृपा करून तिला चमकवायला जाऊ नका. स्टीलच्या काथ्याने गंज घासून काढलेली बंदूक दुकानात आली की आमच्या मूल्यमापकाचं तोंड उतरायचं. मऊ कापडाने धूळ पुसा, तेवढं पुरे.

तिसरी बंदूक यजमानांच्या बाजूची. एल. सी. स्मिथ बहुतांश हंटर आर्म्स कंपनीने न्यूयॉर्क राज्यातल्या फुल्टन गावी बनवली. १९४५ नंतर काही वर्षं मार्लिन कंपनीने ती बनवली, मग बंद झाली, आणि पुढे थोड्या काळापुरतीच परत आली. तिचे चाहते जाणते आहेत, पण मोजके. सोळा बोअर हा प्रकार त्यातही कमी लोकांचा. एखाद्या आठवड्यात त्यातले तिघं बाजारात असतील, एखाद्या आठवड्यात एकही नसेल. अशी वस्तू एक डॉलरला लावणं म्हणजे जुगार आहे. इथे कुंपण हवंच, पण ते उघडं हवं. पहिली बोली म्हणूनच ठेवा. हिच्या बाबतीत आणखी एक. जुन्या सोळा बोअरच्या नळ्यांमध्ये काडतुसाची जागा आजच्यापेक्षा थोडी आखूड असू शकते. जाणत्या कारागिराकडून मोजून घ्या आणि जे निघेल ते जाहिरातीत लिहा. आजचं लांब काडतूस त्यात उडवलं तर घेणाऱ्याच्या डोळ्यांना आणि हातांना धोका असतो. नंबरवरून ती १८९८ किंवा त्याआधीची ठरली तर केंद्रीय कायद्यानुसार ती ‘अँटिक’ गणली जाते आणि तिचे नियम वेगळे होतात. तेही त्याच वेळी विचारून घ्या.

आता छुपी रिझर्व्ह. मराठीत तिला चांगला शब्द आहे, हातची किंमत. सरकारी लिलावाच्या नोटिशीत तो आजही दिसतो. तिथे ती बहुतेक वेळा जाहीर असते, इथे मात्र लपवता येते. मी तिच्या विरोधात आहे आणि त्याला कारण आहे. दुकानात एका बाईंची रायफल आली होती, नवऱ्याची. सुरुवात शंभरावर आणि छुपी रिझर्व्ह बरीच वर. पहिल्या लिलावात बोली रिझर्व्हच्या थोडी अलीकडे येऊन थांबली. पुढे जायची तयारी एकाची होती, पण ‘रिझर्व्ह पूर्ण झाली नाही’ ही ओळ पाहून त्याने नाद सोडला. दुसऱ्यांदा लावली, बोली आणखी कमी. तिसऱ्यांदा तर नेहमीच्या लोकांनी ओळखूनच सोडून दिली. शेवटी ती पहिल्या लिलावातल्या वरच्या बोलीपेक्षा कमी पैशांत गेली. बाईंनी आम्हाला एक शब्दही बोलून दाखवला नाही. पण तो सल्ला दुकानाने दिला होता, आणि मला त्याचं अजूनही वाईट वाटतं.

हा एकट्याचा अनुभव म्हणून सोडून देऊ नका. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या काटकर आणि रायली यांच्या अभ्यासात पोकेमॉनच्या एकसारख्या पत्त्यांच्या ५० जोड्या ईबेवर विकायला ठेवल्या होत्या. जोडीतल्या एकाला उघडी किमान बोली, दुसऱ्याला तेवढीच पण छुपी रिझर्व्ह. छुपी असलेले पत्ते कमी वेळा विकले गेले, त्यांच्यावर बोली लावणारे कमी आले आणि रक्कमही कमी मिळाली. पत्ते आणि बंदुका वेगळ्या, पण ‘याच्या मनात काय आहे कळत नाही’ म्हणून मागे फिरणारं गिऱ्हाईक दोन्हीकडे तेच.

मुलाच्या बाजूनेही पुरावा आहे आणि त्याला तो वाचून दाखवा. त्याच वर्षी कू, गॅलिन्स्की आणि मर्निघन यांनी दाखवलं की लिलावात कमी किमतीपासून सुरू केलेली वस्तू अनेकदा जास्तीला जाते, कारण सुरुवातीलाच जास्त माणसं आत येतात आणि माणसं पाहून आणखी माणसं येतात. पण तिथेच त्यांनी दुसरी बाजूही दाखवली. जिथे लोक पोचूच शकत नाहीत, उदाहरणार्थ नावाचं स्पेलिंग चुकल्यामुळे शोधताना वस्तू सापडतच नाही, तिथे कमी सुरुवात अंगाशी येते. म्हणून शीर्षक लिहिताना एकेक अक्षर तपासा. मॉडेल, बोअर, नळीची लांबी, सगळं. १९९६ मध्ये बुलो आणि क्लेम्परर या अर्थशास्त्रज्ञांनी गणिताने मांडलं, की काही साध्या गृहीतकांखाली लिलावात एक गिऱ्हाईक वाढवणं हे अगदी अचूक रिझर्व्ह ठरवण्यापेक्षाही जास्त फायद्याचं असतं. घरात रिझर्व्हवरून वाद घालण्यात गेलेली संध्याकाळ चांगले फोटो काढण्यात गेली असती तर जास्त पैसे मिळाले असते, असा याचा अर्थ मी घेतो. प्रत्येक बंदुकीचे वीसेक फोटो काढा, दिवसाच्या उजेडात. ओरखडे लपवू नका, उलट जवळून दाखवा.

कुंपण नेमकं कुठे बांधायचं? भावनेने नको, पर्यायाने ठरवा. तिन्ही बंदुका एका परवानाधारक दुकानदाराला दाखवा आणि विचारा, “आज रोख किती देशील?” समजा तो विंचेस्टरचे ७०० म्हणाला. तेवढे तर तुम्हाला काहीही न करता मिळताहेत. लिलावाने विकली आणि सगळं मिळून १५ टक्के गेले, तर ७०० हातात पडायला ८२५ ला विकावी लागेल. ८२५ ही तुमची खरी हातची किंमत. एल. सी. स्मिथसाठी अशीच काढलेली रक्कम पहिली बोली म्हणून लावा. विंचेस्टरसाठी मी त्याच्या निम्म्यावर, चारशेच्या आसपास सुरू करीन. आठशेच्या पुढे जाणार हे सगळ्यांना माहीत असलेली रायफल चारशेला दिसली तर कोणी परत जात नाही, आणि सासूबाईंना ‘एक डॉलर’ ऐकावं लागत नाही.

पण हे सगळं तुमच्या स्वतःच्या नव्या खात्यावरून करू नका. मागचा एकही व्यवहार नसलेल्या माणसाकडून बंदूक घ्यायला लोक कचरतात आणि तो कचरलेपणा बोलीत उतरतो. शिवाय दुसऱ्या राज्यातल्या गिऱ्हाईकाला तुम्ही बंदूक थेट देऊच शकत नाही. १९६८ च्या कायद्याने ती त्याच्या राज्यातल्या परवानाधारक दुकानदाराकडेच जावी लागते. तिथे तो अर्ज भरतो, पार्श्वभूमीची तपासणी होते, मगच ती त्याच्या हातात पडते. मोठ्या कुरिअर कंपन्या खासगी माणसाकडून बंदुकीचं खोकं घेतही नाहीत. म्हणून विक्रीसाठी वस्तू ठेवून घेणारा आणि ऑनलाइन लिलाव चालवणारा जवळचा दुकानदार शोधा. तो कमिशन घेईल, पण त्याचं जुनं नाव, कागदपत्रं आणि पाठवणी त्यात आली. ईबेने १९९९ साली बंदुकांवर बंदी घातली आणि त्याच साली बंदुकांच्या लिलावाची गनब्रोकर ही साइट सुरू झाली. असे दुकानदार मुख्यतः तिथेच विकतात. करार करताना दोन गोष्टी लिहून घ्या. पहिली बोली तुमच्या संमतीशिवाय बदलणार नाही, आणि न विकल्यास काय पैसे लागतील. मुलाला लिलाव बघू द्या, खातं मात्र त्याच्या नावावर नको.

दुकानात नेण्याआधी बंदुका कायद्याने कोणाच्या आहेत ते वकिलाकडून पक्कं करा. मृत्युपत्र असो वा नसो, विकण्याचा अधिकार ज्याचा, करारावर सही त्याची. मिशिगनचे स्वतःचे नियम २०२४ मध्ये बदलले आहेत, तेही वकिलालाच विचारा. घरात पंधरा वर्षांचा मुलगा आहे, म्हणून तोवर कपाटाला कुलूप हवंच. आता तो तिथला कायदाही आहे. आत काडतूस राहिलेलं नाही ना, हे माहीतगाराकडूनच बघून घ्या, स्वतः हाताळू नका. आणि सासऱ्यांच्या मृत्यूच्या तारखेची बाजारकिंमत दुकानदाराकडून लेखी घ्या. करासाठी तीच तुमची मूळ किंमत धरली जाते, त्यांनी तेव्हा दिलेले पैसे नाहीत.

वेळेचं सांगतो. मिशिगनात बंदुकीने हरणाच्या शिकारीचा पहिला दिवस १५ नोव्हेंबर. त्याच्या दोनेक महिने आधी शिकारी कपाटं उघडतात. विंचेस्टर आणि इथाका सप्टेंबरात लावा. दहा दिवसांचा लिलाव, संपण्याची वेळ रविवारी रात्री. गनब्रोकरवर शेवटच्या १५ मिनिटांत बोली आली तर वेळ आपोआप वाढते, पंधरा मिनिटं शांत गेल्याशिवाय लिलाव संपत नाही. म्हणजे ‘एक वार, दोन वार, तीन वार’ म्हणणारा माणूस तिथेही आहे. सुरुवातीचे आठ दिवस आकडा खालीच रेंगाळेल, घाबरू नका. जाणती माणसं शेवटीच येतात.

एल. सी. स्मिथला हंगाम नाही. पहिल्या खेपेला कोणी नाही आलं तर लगेच किंमत पाडून पुन्हा लावू नका. दोन महिने थांबा, फोटो बदला, मग त्याच किमतीला लावा. माझ्या वडिलांना ट्रॉली परत न्यायचा हक्क होता, पण कांदा सडेल म्हणून ते बहुतेक वेळा मिळेल तो भाव घेत. लोखंडाला ती घाई नाही.

सासूबाईंना जे टोचतंय ते डॉलरचं नाही, हे तुम्हालाही कळलं असेल. सासऱ्यांनी पन्नास वर्षं जिला तेल लावलं तिची किंमत अनोळखी माणसं ठरवणार, हे ते दुःख आहे. ते कुठल्याही पहिल्या बोलीत मावत नाही, आणि रिझर्व्ह वाढवून ते भरूनही येत नाही. रायफल मात्र न विकता पडून राहते. विंचेस्टरला चामड्याचा पट्टा असेल तर तो काढून त्यांच्याजवळ ठेवा. त्याने रायफलीचा भाव फारसा हलत नाही. तो काढला आहे, एवढं मात्र जाहिरातीत लिहा.